पिशवीजवळ कोण बसणार

आमच्या घरात बॅग हा शब्द फार उशिरा आला. त्याआधी पोतं होतं.

रायपूरच्या गुढियारीत, मालधक्क्याच्या मागच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, आमची एक खोली होती. बाबा मालधक्क्यावर हमाल. वॅगनमधून सिमेंट, साखर, तांदूळ, खत उतरवायचं, पाठीवर घेऊन ट्रकपर्यंत न्यायचं, तो ट्रक भरला की पुढचा. कधी कधी वॅगन लागायचीच नाही. त्या दिवशी आमच्याकडे भात आणि भाताची पेज असे दोन पदार्थ व्हायचे. एखादं फाटलेलं पोतं बाबा घरी आणायचे. आई ते तलावावर नेऊन धुवायची, उलटंपालटं करून वाळवायची, तोंडाला जुन्या परकराची नाडी ओवायची, की झालं आमचं प्रवासाचं सामान. कितीही धुतलं तरी खताचा वास जायचा नाही. गोंदियाजवळ मामाच्या गावी आम्ही पोचलो की मामी आम्ही दिसण्याआधीच ओळखायची.

चांगले कपडे प्रत्येकाला एकच जोड. तो प्रवासात मळू नये म्हणून अंगावर नसायचा, पोत्यात असायचा. म्हणजे आई, बाबा, मी आणि माझा लहान भाऊ, चौघांची सगळी अब्रू एका पोत्यात, परकराच्या नाडीनं बांधलेली. आणि एका जत्रेत ते पोतं गेलं. आम्ही आकाशपाळणा बघत उभे होतो. बघतच होतो, बसत नव्हतो. मागे वळलो तर पोतं नाही. बाबांनी अख्खी जत्रा पालथी घातली. आई एका जागी उभी राहिली आणि शेवटी म्हणाली, "जाऊ द्या. चोर घरी जाऊन उघडीन तं त्याले वाटन, चुकून आपलंच सामान उचलून आणलं."

त्यानंतर बरेच दिवस मी लग्नाकार्याला शाळेच्या युनिफॉर्ममध्ये जात होते. आमच्या बाई शेजाऱ्यांना सांगायच्या, पाहा, मुलीला शाळेचा किती अभिमान आहे.

त्या जत्रेपासून घरात एक कायदा झाला. सामान एकटं सोडायचं नाही, त्याच्याजवळ माणूस बसलाच पाहिजे. हा माणूस म्हणजे आई. कायदा कोणी केला, मतदान कधी झालं, हे विचारू नका. कायदा होत असताना आई तिथं बसलेली होती, म्हणून तिलाच लागला असावा. राजिमच्या मेळ्यात आम्ही महानदीत डुबक्या मारायचो, आई वाळूत पोत्यावर बसून आमच्याकडे पाहायची. कुठे जेवण असलं की आम्ही पंगतीत, आई चपला आणि पोत्यापाशी. आमच्या सगळ्या सहली तिनं बसून पाहिल्या. पाण्याची तिला भीती होती असं नाही. रोज तलावात कंबरभर पाण्यात उभी राहून चादरी आपटणारी बाई ती. पण तिथं ती कामाला जायची. मौजेला जायची वेळ आली की हातात सामान असायचं.

मग मी बी.कॉम. झाले. आमच्या पाऱ्यातल्या मराठी घरांतली पहिली मुलगी. हे मी कुठेही सांगते, कोणी विचारलं नसलं तरी. पुढे परीक्षा दिल्या, दोनदा आपटले, तिसऱ्यांदा राजधानीतल्या एका सरकारी दफ्तरात लागले. खोलीच्या जागी दोन खोल्या आणि स्लॅब आला. भावानं मोबाईलची कव्हरं विकायचं छोटं दुकान टाकलं. बाबांची पाठ गेली आणि त्यांनी हमाली सोडली. पोत्याच्या जागी पिशव्या आल्या, कोण्या लग्नात मिळालेली, कोण्या ट्यूशन क्लासची, कोण्या साडीच्या दुकानाची. गरिबी गेली, पोतं गेलं, खताचा वास गेला. पोत्याजवळ बसणं मात्र गेलं नाही.

नोकरी पक्की झाल्याचा कागद आला त्या दिवशी मी आईला विचारलं, "तुले काय पाहिजे, सांग."

ती लाखडीची भाजी निवडत होती. "मले काय पाहिजे? काही नाही."

"साडी?"

"आहे ना."

"बांगड्या?"

"त्या घालून भांडे कोण घाशीन?"

ती भाजी निवडत राहिली आणि मग खाली मान घालूनच म्हणाली, "समुद्र पाहाचा आहे मले. पायानं. डोळ्यानं तं टीव्हीवर पाह्यला."

रायपूरच्या माणसाला समुद्र म्हणजे पुरी. आमच्याकडून रेल्वे थेट जाते, म्हणून तो आमचाच समुद्र असं आम्ही धरून चालतो. मी तिकिटं काढली. जाऊन एक दिवस राहायचं आणि त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं परत, कारण मला जास्त सुट्टी नव्हती आणि भावाला दुकान. भावजय बाळंतपणाला माहेरी होती, त्यामुळे आम्ही पाच जण: आई, बाबा, मी, भाऊ आणि त्याची पाच वर्षांची पोट्टी. तिला मराठी सगळं समजतं. उत्तर ती हिंदीत देते आणि मला आत्या न म्हणता बुआ म्हणते. मी दुरुस्त करणं सोडून दिलं आहे.

आई समुद्रात पाय बुडवायला चालली आहे, यावर पाऱ्यात कोणाचाच विश्वास बसला नाही. नातवंडं असलेली बाई एवढ्या लांब नुसती पाण्यात जायला जाते, हे लोकांना बरं दिसेना. म्हणून सगळ्यांनी मिळून तिच्या वतीनं नवस ठरवून टाकला. शेजारीण म्हणाली, "बेटी की नौकरी का मन्नत होगा ना, काकी?" आई म्हणाली, "हव." शेजारणीनं नारळ दिला. दुसरीनं अगरबत्तीचा पुडा दिला. म्हणजे पिशवी भरायला अजून सुरुवात झाली नव्हती आणि तिच्यात दोन वस्तू पडल्या होत्या.

मी ठरवलं होतं की या वेळी शास्त्रशुद्ध पॅकिंग करायचं. दफ्तरात माझ्या शेजारच्या टेबलावर पुण्याकडून बदली होऊन आलेली एक ताई आहे, चौबे कॉलोनीत राहते. तिला मी विचारलं.

"अगं, बीचवर काहीच न्यायचं नसतं," ती म्हणाली. "एक छानशी टोट बॅग घे. टोपी, गॉगल, सनस्क्रीन, एक पातळ चटई. आणि एक पुस्तक."

"पुस्तक कशाला?"

"वाचायला."

मी मान डोलावली, जसं काही आमच्या घरी समुद्राला पुस्तक नेण्याची जुनी परंपराच आहे. सुट्टीच्या दिवशी सदर बाजारात गेले. दुकानदाराला म्हटलं, भैया, समुद्रावर न्यायची बॅग दाखवा. त्यानं आधी माझ्याकडे आणि मग रस्त्यावरच्या स्कूटरींच्या गर्दीकडे पाहिलं, की कुठे समुद्र येऊन राहिला का. मग वरच्या फळीवरून वेताची, जरीचा गोंडा लावलेली एक पिशवी काढली. "दीदी, ये रुखवत में जाता है. पर समुंदर को क्या पता."

बॅग घेतली. टोपी, काळा चष्मा, सनस्क्रीन, चटई, सगळं तिच्यात बसलं. घरात स्पर्धा परीक्षेच्या गाइडांशिवाय पुस्तक नव्हतं, म्हणून सामान्य ज्ञानाचं गाइड ठेवलं. आईनं ते काढून पाहिलं. "परीक्षा आहे का तिथं?"

"नाही."

"मंग ठीक." तिनं ते परत ठेवलं. माझ्या शिक्षणाच्या बाबतीत ती फार प्रश्न विचारत नाही.

बाबांनी सनस्क्रीन हातात घेऊन फिरवून पाहिलं. "हे कायले?"

"उन्हासाठी."

"ऊन तं इथंही आहे. इथं कधी लावलं का कोणी?" जन्मभर रायपूरच्या उन्हात पोती वाहिलेल्या माणसाला मी यावर काय सांगणार? डबी ठेवून दिली.

मी जाहीर केलं की एकच पिशवी न्यायची. एकच, आणि हलकी. कारण पिशवी हलकी असली तर ती खांद्याला लावून कोणीही पाण्याकाठी उभं राहील, आणि आईला बसावं लागणार नाही. हे माझं गणित होतं आणि कागदावर ते बरोबर होतं. घरच्यांनी त्यातला एकच शब्द ऐकला: एकच.

दुपारभर पिशवी भरणं चाललं. आईनं तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, लसणाची चटणी, मुरमुऱ्याचा चिवडा, आणि लू लागू नये म्हणून प्रत्येकाच्या नावाचा एक कांदा. घरचं पाणी दोन कॅन, कारण समुद्राच्या गावातलं सगळंच पाणी खारं असणार असं तिचं मत. एक चादर बसायला, एक पांघरायला, समुद्रावर वारा असते म्हणून. प्रत्येकाचे दोन जोड कपडे. टॉवेल. लोणच्याची बरणी. भावानं चार्जर आणि मोठ्यानं वाजणारा स्पीकर आणला. पोट्टीनं तिची बाहुली आणि बाहुलीचे दोन जोड कपडे आणले, घराण्याची रीत ती इतक्यात शिकली होती. बाबांनी दोर, कुलूप, साखळी, टॉर्च आणि चाकू आणला. शेवटी आई न्हाणीतून बादली घेऊन आली, मगासकट.

"आई, बादली?"

"खाऱ्या पाण्यातून निघाल्यावर अंगावर गोडं पाणी घ्या लागते. मंग काय हातानं घेशीन?"

ती हे बोलली म्हणून मी बादलीला विरोध केला नाही. पाण्यातून निघायचा विचार करत होती, म्हणजे पाण्यात जायचाही करत असणार.

हे सगळं कशात मावणार, यावर चर्चा झाली. बाबा उठून बाहेर गेले आणि जुन्या ओळखीतून ताडपत्रीचा एक भला मोठा बोरा घेऊन आले. त्यात सगळं गेलं, बादलीच्या आत लोणचं आणि कांदे गेले, आणि सगळ्यात वर माझी वेताची बॅग तिच्या गोंड्यासकट गेली. खरोखर एकच पिशवी झाली. मग बाबांनी दाभण काढलं, सुतळी ओवली, आणि बोऱ्याचं तोंड मालधक्क्याच्या टाक्यानं शिवून टाकलं. हा टाका हातानं सुटत नाही. त्यावर काळ्या शाईनं मार्का काढला, गोलात चौकोन, म्हणजे हजार बोऱ्यांत आपला ओळखू यावा.

"बाबा, आपण एका दिवसासाठी जाऊन राहिलो," मी म्हटलं.

"माल तो माल," बाबा म्हणाले. "एक दिवसाचा असो का महिन्याचा."

"तिथं स्टेशनवर सामान ठेवायची खोली असते. तिथं ठेवू."

"ठेवते कोण तिथं?"

"माणसं असतात ना."

"हमालच ना? हमाल लोकाचं सामान कसं ठेवते, मले नको सांगू."

यापुढे वाद नव्हता. जन्मभर लोकांचं सामान ज्यानं वाहिलं, तो आपलं सामान कोणाच्याही हाती द्यायला तयार नव्हता. भाऊ म्हणाला, "पापा सही बोल रहे हैं." भाऊ कधीच वादात पडत नाही. तो जिंकलेल्या बाजूला जाऊन हिंदीत बोलतो.

सकाळी आम्ही पुरीला उतरलो. आधी दर्शन, असं ठरलं होतं. मोठ्या देवळात सामान नेता येत नाही. बाहेर ठेवायची सोय होती, पण तिथंही ठेवणारी माणसंच होती. तेव्हा आम्ही पाच जण रस्त्यावर बोऱ्याभोवती उभे राहिलो, वर पाहिलं, कळसावरचा झेंडा दिसला, हात जोडले. बाबा म्हणाले, कळसाचं दर्शनही दर्शनच धरतात. शेजारणीचा नारळ देता आला नाही, कारण तो आत शिवलेला होता. बोऱ्यामुळे देवही आम्ही बाहेरूनच पाहिला. मी आईकडे पाहिलं. बोऱ्यावर तिचा हात होता.

समुद्र आला तेव्हा पोट्टी म्हणाली, "बुआ, ये खतम कहाँ होता है?" बाबांनी आणि भावानं दोन्ही बाजूंनी धरून बोरा वाळूतून ओढत नेला, मागे नांगरल्यासारखी रेघ उठली. उंटवाला, चहावाला, शंखवाली, सगळे बाजूला झाले. बोरा खाली टेकला, आणि आम्ही चपला काढायच्या आत आई त्याच्याजवळ बसली.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "मी बसते."

मी या क्षणाची तयारी करून आले होते. "नाही. मी बसते. तू जा."

"तुह्या पगारानं आलो आणि तूच बसशीन का?"

"हव. बसीन."

ती उठली. साडीचा काठ हातात घेतला. पाण्याकडे दहा पावलं गेली असेल, की वळून पाहिलं. मी नेमका तेव्हा तिचा फोटो काढायला मोबाईल काढला होता आणि त्याची स्क्रीन उन्हात दिसत नव्हती म्हणून त्यात डोकं घातलं होतं. ती परत आली आणि बसली.

"काय झालं?"

"तुह्यं ध्यान नाही."

"अव, तुह्याच फोटो काढून राहिली होती."

"थेच सांगते ना. तुह्यं ध्यान फोटोत. इकडून बोरा गेला तं फोटोत दिशीन फक्त."

बी.कॉम.ला हा विषय नव्हता, मी नापास झाले. बाबांना बसवायचं म्हटलं तर आई म्हणाली, ते बसले की झोपतात. हे खरं आहे. मालधक्क्यावर दोन वॅगनींच्या मध्ये ते पोत्यावर जी झोप काढायचे, ती सवय अंगात आहे. कूस टेकली की संपलं. भावाला बसवायचं म्हटलं तर तो आधीच पाण्यात उभा राहून स्वतःचा व्हिडिओ काढत होता, प्रत्येक लाटेला एकदा. या पदासाठी आमच्या घरात दुसरा लायक उमेदवारच नव्हता, आणि जी लायक होती तिनं इतकी वर्षं इतकं चोख काम केलं होतं की तिला सोडवणार कोण.

मी चिडून पाण्यात गेले. पाणी छान होतं, ते मी नाकारत नाही. तिथून वळून किनाऱ्याकडे पाहिलं तेव्हा एक गोष्ट दिसली. पाण्यात माणसं होती, उड्या मारत होती, ओरडत होती. त्यांच्या मागे ओल्या वाळूत घोडे आणि उंट. आणि त्यांच्याही मागे, कोरड्या वाळूत, लांबच लांब एक रांग. बायकांची. प्रत्येकीपुढे पिशव्या, सूटकेसी, चपलांचे ढीग, कोणाच्या मांडीवर झोपलेलं लेकरू, प्रत्येकीचा एक हात सामानावर आणि तोंड समुद्राकडे. कोणी बंगाली असेल, कोणी तेलुगू, कोणी आमच्याकडची. देशभरातून समुद्र पाहायला आलेली माणसं, आणि प्रत्येक कुटुंबानं आपली एक बाई तिथं बसवलेली. एवढ्या बायका आणि एवढ्या पिशव्या, आणि त्या पिशव्यांत पुऱ्या.

दुपार झाली. पोट्टी ओली होऊन कुडकुडत आली, तिला भूक लागली होती. सगळ्यांनाच लागली होती. तेव्हा कळलं की बोरा उघडायचा म्हणजे सुतळी कापायची, सुतळी कापायला चाकू लागतो, आणि चाकू बोऱ्यात आहे.

"चाकू आत काहून ठेवला?" आईनं विचारलं.

"आत नाही ठेवाचा तं काय हातात घेऊन रेल्वेत बसाचं?" बाबा म्हणाले. "पोलीस धरन ना."

भावानं दातांनी प्रयत्न केला. मी किल्लीनं केला. मालधक्क्याचा टाका हसत नाही, रडत नाही, सुटत नाही. बाबा कौतुकानं पाहत होते. शेवटी शेजारच्या नारळवाल्याला बोलावलं. त्यानं कोयता एकदाच चालवला. सुतळी तर कापली गेलीच, ताडपत्रीही वीतभर फाटली. बाबांचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांच्याच पाठीवर कोयता मारला.

आम्ही जेवलो. पुऱ्यांना थोडी वाळू लागली होती, पण चटणी चांगली होती. पोट्टीला कोरडे कपडे घातले, बाहुलीलाही घातले. बादली निघाली, चादरी निघाल्या, माझी वेताची बॅग निघाली. तिच्यातली सनस्क्रीनची डबी उन्हानं फुटून सामान्य ज्ञानाच्या गाइडावर सगळी सांडली होती. मग बाबांनी अंग धुवायला बादली बाहेर ठेवून बाकी सगळं परत भरलं, फाटलेलं तोंड एकमेकांवर घडी घातलं, दोर गुंडाळला आणि आईला म्हणाले, "आता तं तोंड उघडं आहे. आता नजर हलवू नको."

आई नीट सरसावून बसली. सकाळी ती बंद बोऱ्याजवळ बसली होती, आता उघड्या.

ऊन उतरायला लागलं. स्टेशनवर पोचायचं म्हणजे आता आवरायला हवं, असं बाबा म्हणाले आणि भावाला हाक मारली. मी उभी राहिले. मला गोड बोलता येत नाही, दफ्तरातही माझ्याबद्दल तीच तक्रार असते.

"आई पाण्यात गेल्याशिवाय मी इथून हलणार नाही," मी म्हटलं. "गाडी जाऊ द्या."

"तिले कोणं अडवलं?" बाबा म्हणाले.

हे खरं होतं, आणि म्हणूनच जास्त राग आला. कोणी तिला अडवलं नव्हतं. कोणी कधी अडवलं नव्हतं. मी म्हटलं, "तुम्ही तिले सामान पाहायला आणलं. इतक्या दूर. सामान तं ती घरीही पाहत होती."

बाबा खाली पाहत बोऱ्याचा दोर विनाकारण घट्ट करायला लागले. भाऊ म्हणाला, "दीदी, अभी टाइम नहीं है, अगली बार..." आणि माझं तोंड पाहून थांबला.

आई आमच्याकडे पाहत नव्हती. तिच्या डावीकडे, दोन हातांवर, आणखी एक बाई दिवसभर बसलेली होती. साधारण आईच्याच वयाची, हिरवी साडी, पुढे तीन सूटकेसी आणि एक गाठोडं. तिची माणसं पाण्यात होती. दिवसभर दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. कामावर असताना बोलत नाहीत. आता आईनं तिला विचारलं, "कहाँ ले आए हव, दीदी?" कुठून आलात? आमच्या पाऱ्यात शिकलेली छत्तीसगढी आई अशी बोलते की तिथलीच वाटावी.

"भाटापारा ले," ती म्हणाली. "अउ तुमन?"

"रायपुर." मग आईनं विचारलं, "बिहनिया ले उठे हव का, एको बेर?" सकाळपासून एकदा तरी उठलात का?

"नइ उठे हौं," ती बाई जरा ताठ होऊन म्हणाली. "सामान हे न."

आईनं तिच्या तीन सूटकेसी पाहिल्या, गाठोडं पाहिलं, गाठोड्यावर रोवलेलं तिचं कोपर पाहिलं. दिवसभर ती डोळ्यांच्या कोपऱ्यातून हेच पाहत असणार. मी आयुष्यात दोन नोकऱ्यांच्या मुलाखती दिल्या आहेत, इतकी कडक एकही नव्हती.

"हमर ला देखहू?" आई म्हणाली. आमचंही पाहाल?

"हव. तुमन जाव. फेर मैं जाहूं, तुमन देखहू." तुम्ही जा, मग मी जाईन, तेव्हा तुम्ही पाहा.

आईनं बोरा दोन्ही हातांनी ढकलत तिच्या सूटकेसींना टेकवला. त्या बाईनं आपला डावा हात गाठोड्यावरून न काढता उजवा आमच्या बोऱ्यावर ठेवला, थेट फाटलेल्या तोंडावर. आईनं तो हात पाहिला आणि उठली.

"अव, पण तिले ओळखत..." बाबांनी सुरुवात केली.

"तुमच्यापेक्षा जास्त ओळखते," आई म्हणाली. "ती झोपली नाही दिवसभर."

ती पाण्याकडे चालायला लागली. दहा पावलं झाली. ती वळली नाही. पोट्टी "दादी, रुको" म्हणत मागे धावली आणि तिनं आईचा पदर धरला. पहिल्या लाटेनं पाय भिजले तेव्हा आई थांबली. खाली पाहिलं, पायांखालून वाळू सरकत होती. मग तलावात जाते तशी सरळ पुढे गेली, गुडघे, मांड्या, आणि मोठी लाट आली तशी पाठमोरी होऊन ती अंगावर घेतली. खाली बसली. मी धावले, वाटलं पडली. पडली नव्हती. पाण्यात फतकल मारून बसली होती, केस चेहऱ्यावर, आणि हसत होती, आवाज न करता. दुसरी लाट आली, तिसरी आली. ती उठायला तयार नव्हती. मी म्हटलं, चाल आता, गाडी आहे. ती म्हणाली, "थांब ना. धुणं थोडी आहे आज."

मी मोबाईल बाहेर काढलाच नाही. त्या वेळेचा एकही फोटो आमच्याकडे नाही.

मग तीच उठली, कारण त्या बाईला दिलेला शब्द आठवला. ओल्या साडीनं परत आली, सूटकेसी आणि बोरा यांच्या मध्ये बसली, एक हात इकडे, एक तिकडे. "जाव, दीदी," ती म्हणाली. भाटापाऱ्याची बाई थोडी घुटमळली. तिच्या घरचे पाण्यातून बाहेर येऊन तिला विचारत होते की अम्मा, कहाँ जा रही हो. तिनं उत्तर दिलं नाही. चपला आईच्या स्वाधीन केल्या आणि गेली.

गाडी आम्हाला मिळाली, धावत मिळाली. बादली तिथंच राहिली. त्या दिवशी त्या रांगेतल्या दोन बायका समुद्रात गेल्या. त्यातली एक माझी आई होती.